कोरांटीला फूल आलं की

१४ जुलै १९५८
नाना आले. मिरजेच्या गाडीनं. एक ट्रंक, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली कोरांटीची फांदी. पांढरी, आईच्या हातची. आई जाऊन चार महिने झाले. दादानं सांगलीहून लिहिलं होतं, बदल म्हणून आठ दिवस पाठवतोय.
चहाच्या आधी फांदी लावली, न्हाणीमागं, सांडपाणी जातं तिथं. हात धुताना म्हणाले, "सुमे, हिला फूल आलं की जातो." बरं म्हटलं. फांदीला पानं चार, तीही मान टाकलेली.

२ ऑगस्ट
फांदीनं जीव धरला. आठ दिवस कधीच होऊन गेले. शेजारच्या कानडी अक्कांना नाना कुंपणावरून सांगत होते, "लेकीकडे माणूस किती राहणार? जावयाच्या दारात म्हातारपण काढणं शोभत नाही. हे झाड फुललं की निघालो." अक्का म्हणाल्या, "सरी, सरी, बरोबर. झाडाला घाई नाही हं अण्णा."

१९ जानेवारी १९५९
यंदा नाहीच फुललं. लहान आहे म्हणतात नाना. दादाचं पत्र. नानांची खोली मुलांना अभ्यासाला दिलीय, आले की माजघरात सोय करू. नानांनी पत्र वाचलं, घडी घातली, चष्मा पुसत बसले.

१६ ऑक्टोबर १९५९
दसरा झाला. सांगलीत दसऱ्यानंतर गुलाब छाटायचे, ती सवय. आज गुलाब छाटले आणि त्याच झपाट्यात कोरांटीही. कमरेपर्यंत आली होती, गुडघ्यावर आणली. अक्का कुंपणाशी येऊन कपाळाला हात लावून उभ्या. "अय्यो, गोरंटी आत्ता कापतात काय ग? मोग्गु आले होते की टोकांना!" पाहिलं तर खरंच. हिरव्या काटेरी पानांत कळ्या, तांदळाएवढ्या. थंडीत फुलणारं झाड, मी ऐन वेळी मुंडण केलं.
नाना ओसरीवर पेपर वाचत होते. सांगितलं तर म्हणाले, "असू दे. पुढच्या वर्षी." आणि जेवताना दोनदा भात घेतला.

२८ सप्टें. १९६०
पुन्हा दादाचं पत्र. लोक विचारतात, मुलगा असून वडील लेकीकडे का? दोन वर्षं झाली. ह्यांना म्हटलं, तुम्ही एकदा नानांना सरळ म्हणा, इथंच राहा. ह्यांचं उत्तर, "घरातल्या माणसाला राहा काय म्हणायचं? राहतायतच की." अहो, माझ्या म्हणण्यानं बाप राहत नसतो, जावयानं म्हणावं लागतं. ह्यांना एवढंही सांगावं लागतं. कारखान्यात दोनशे माणसांपुढे बोलतात म्हणे.

९ ऑक्टोबर १९६०
दु. ३. नाना झोपले होते. अक्का गांधी बझारात.
ते केलं. गुलाब नुसते निमित्ताला घेतले. कळ्या दिसत होत्या, तरी कोरांटी कापली.

१० ऑक्टोबर
नाना सकाळी झाडाशी उभे. कापलेल्या टोकांवरून बोट फिरवलं, आत आले. मला चहा गोड लागेना. म्हाताऱ्या माणसाला फसवतेय मी, तेही आईच्या झाडावरून. पण दिवाळीला घरात नाना असतील.

४ सप्टें. १९६१
नानांचा खोकला. डॉक्टर म्हणतात इथली हवा मानवतेय, हलवू नका. नाना म्हणाले, "तुझ्या आईच्या फोटोला या कोरांटीचं एक तरी फूल वाहायचं होतं." सहज म्हणाले. मी चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहिले. रडूच आलं.

२२ ऑक्टोबर १९६१
कात्री अक्कांकडे देऊन आले. म्हटलं, जानेवारीपर्यंत परत देऊ नका. "याक री? का?" "बोथट झालीय." त्यांनी धार बोटानं पाहिली, माझ्याकडे पाहिलं, ठेवून घेतली.

३० नोव्हें.
फुललं. सात. पांढरी, पातळ, वास नाही. नानांनी एकच तोडलं, फोटोला वाहिलं. दिवसभर फोटोसमोरून हलले नाहीत. मी बोलावलंही नाही.

२ डिसें. १९६१
नानांनी खाटेखालून ट्रंक काढली. "पुढच्या शनिवारच्या गाडीचं जमतंय का बघायला सांग जावईबापूंना." ठरल्याप्रमाणे, म्हणाले. मला राहवेना. म्हटलं, नाना, कळ्या मी कापत होते.
"ठाऊक आहे. पहिल्या वर्षी चुकून. दुसऱ्या वर्षी चुकून नाही. तुझ्या आईनं ही कोरांटी कधी ऑक्टोबरात छाटली नाही, मला कळत नाही होय?"
मग बोलला का नाहीत?
"बोललो असतो तर जावं लागलं असतं."
आणि धोतराच्या घड्या घालू लागले. मी म्हटलं, मग आता तरी नका जाऊ. म्हणाले, "सुमे, शब्द तुला नव्हता दिला. चारचौघांत दिला होता."
सं. ६. ह्यांना दारातच गाठलं, सगळं सांगितलं. कळ्यांचंही. म्हटलं, आता तरी त्यांना राहा म्हणा. हे बराच वेळ बूट सोडत बसले. मग म्हणाले, "बोलतो."
गेले आहेत. ओसरीवर नानांशेजारी बसलेत, ट्रंक दोघांच्या मध्ये. पंधरा मिनिटं झाली. कारखान्यात नवं लेथ मशीन आलंय, त्याची सगळी हकीकत सांगतायत. नाना हूं हूं करतायत. मी आत लिहितेय, कान तिकडे. अजून मशीनच चाललंय.