माळ्यावरचा पाळणा

१७ एप्रिल १९५३, पणदरे
थोरल्या जाऊबाई सकाळीच शिडी मागायला आल्या. (यापुढं नुसतं थो. लिहिणार. तिच्यावर जास्त शाई घालवायची नाही.) वाटणी होऊन वर्ष उलटलं. चुली वेगळ्या झाल्या, मधे कुडाची भिंत आली, पण माळा कुणी वाटला नाही. माळ्याची किल्ली थो.च्या कनवटीला, शिडी आमच्या पडवीत. तिला चढता येत नाही आणि मला उघडता येत नाही. सासूबाईंची भांडी, लुगडी, पाळणा, सगळं वर धूळ खात पडलंय.

म्हणाली, "अधिकाचा महिना हाय. माळा रिकामा करू आन सडकेवर खडी फोडत्यात त्यास्नी देऊन टाकू. सुप्याकडची माणसं हायती, अंगावर धड कापड न्हाय."

दुष्काळ काय काल पडला? इतके दिवस दया कुठं होती? मला मिळू नये म्हणून हे दान, दुसरं काही नाही. मी शिडी देत नव्हते. हे म्हणाले, "दे की गं, शिडी काय झिजतीया?" भावजयीपुढं यांचं नेहमी असंच. दिली. पण मागोमाग मीही चढणार आहे.

१८ एप्रिल
दिवसभर माळा. नाकातोंडात धूळ. उंदरांनी कणगी कुरतडून ठेवलीय.

थो.नं सासूबाईंचं इरकली लुगडं हळूच बाजूला काढलं, मी बघतेय म्हटल्यावर दानाच्या ढिगात टाकलं. मग मी घंगाळ टाकलं. तिनं समई. मी परात. घंगाळ घेऊन ती माणसं काय करणार? प्यायच्या पाण्याला लांब जावं लागतं त्यांना, आंघोळ कसली. पण मागं कोण सरणार. फाटकी लुगडी गाठोड्याच्या तळाशी घातली, धड वर. सगळेच तसं करतात.

पाळण्यावर मात्र हात ठेवून बसले. सागवानी, चार कोपऱ्यांवर चार राघू. यांना त्यात घातलेलं, माझ्या कमळला घातलेलं, धाकट्या दत्तूच्या वेळी मात्र मिळाला नाही. आता कमळ पहिल्या बाळंतपणाला शेळगावहून येतेय. थो. म्हणते, पाळणा पण देऊन टाकू. तिचं एकच झालं होतं, बाळ्या, तेही राहिलं नाही. मी म्हणाले, "पाळणा आमचा. तुमाला काय करायचाय अक्का? कुणाला घालणार त्यात?"

खाली गडी उभे होते, त्यांनीही ऐकलं. थो. शिडी उतरली. लागलं असेल. लागू दे. ती मला काय कमी बोललीय?

२३ एप्रिल, गुरुवार
बारामतीच्या बाजारात वांगी घेऊन गेले होते. आले तर पाळणा नाही. माझी पाठ वळल्याबरोबर थो.नं गाडी जुंपायला लावली आणि खडीवर नेऊन दिला.

"दान दिलं. दिल्यालं माघारी मागत्यात व्हय?"
"माझ्या लेकीचा होता त्यो."
"तुज्या लेकीला नवा कर की. पेरूची बाग हाय तुजी."

अशी तळपायाची आग मस्तकात गेली! हे म्हणाले, सुताराला सांगतो, नवा करून देईल. मला नवा नको. या माणसाला काही म्हणजे काही कळत नाही. मी जेवले नाही. कुणी जेव म्हणालंही नाही.

२६ एप्रिल
कमळ आली. एस.टी.चे हिसके बसून गळून गेलीय, पायही सुजलेत. पाणी पिण्याआधी विचारलं, "आई, राघूंचा पाळणा काढलास का गं?" म्हणाले, सुताराकडं दिलाय, कड्या बसवायला. थो. भिंतीपलीकडं होती, ऐकलं असणार.

दुपारी थो.नं कमळसाठी तूप घालून मऊ भात पाठवला. मी कुत्र्याला घातला. कमळ म्हणे, थोरल्या आईचा भात कुठाय? वासावरून ओळखला असणार.

२८ एप्रिल
कमळचा डोळा लागला तशी निघाले. कालव्याच्या पुलापलीकडं सडकेचं काम. बाया ओळीनं बसून खडी फोडतात, डोळ्यात कच उडू नये म्हणून पदर पुढं ओढलेला. पाळणा लांबूनच दिसला. तीन वासे बांधून उभे केलेत, त्यांना टांगलाय. वर आमच्याच लुगड्याची सावली. आत एक पोर, मुलगी, अंगठा चोखत पडलेली.

मी काही बोलायच्या आत तिची आई उठली. साळू नाव. पोरीला उचलायलाच लागली.
"न्या बाई. दिल्यालं परत न्हेणारी माणसं बगितल्यात आमी."

तोंडातून निघून गेलं, दोरी पक्की आहे का बघायला आले.
"पक्की हाय की. पैल्यांदा पाठ टेकून झोपली बगा ती."

झालं. हात हलवत परत. वाटभर थो.ला शिव्या दिल्या. तिच्यामुळं मला खडीवाल्या बाईपुढं चोरासारखं उभं राहावं लागलं.

१ मे
कमळला खरं कळलं. यांच्याच तोंडून निघून गेलं. ती रडली नाही. म्हणाली, "थोरल्या आईनं दिला म्हणजे कायतरी असंल." हे मात्र मला सहन झालं नाही. तडक थो.च्या दारात गेले. काय काय बोलले ते लिहीत नाही. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. मग उठून पिठाच्या हातानं माझा दंड धरला.

"माजा बाळ्या त्येच्यातच गेला. सांजचा झोपला तो उठला न्हाय. सासूबाईनं त्याच दिशी पाळणा वर टाकला. तुज्या दत्तूला झोळीत वाढवला, त्ये कशापायी? आन आता कमळीचं लेकरू त्यात घालतीस? काळीज हाय का दगड?"

बाळ्या गेला तेव्हा मी माहेरी होते, पाळण्यातच गेला हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला इतकी वर्षं वाटायचं, दत्तूच्या वेळी सासूबाईंनी पाळणा दिला नाही तो माझ्यावरच्या रागानं. देवाशप्पथ तसंच वाटायचं.
"मग तवाच का न्हाय बोलला?"
"कसं बोलू? गड्यांम्होरं इचारलंस न्हवं, कुणाला घालणार म्हणून."

गप्प बसायला हवं होतं. पण खाली मान घालून तिच्या दारातून उठणं मला जमत नाही. म्हणाले, "आन ती साळूची पोर? ती कुणाची लेक न्हाय व्हय?"

"त्यांची लेकरं उनातानात वाढत्यात. त्यास्नी काय व्हतंय." बोलली, पण माझ्याकडं बघितलं नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

६ मे
खडीवर गोवर आलाय. हे सांगत आले, साळूची पोर तापानं फणफणलीय. भिंतीपलीकडं भांडं पडल्याचा आवाज आला. बाहेर बघते तर थो. सडकेला लागलेली. मीही निघाले. ती पुढं, मी मागं. एकीनं दुसरीला हाक मारली नाही.

पोर पाळण्यातच होती. अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले. साळू लिंबाच्या डहाळीनं वारा घालत होती. थो.नं सरळ दोरीलाच हात घातला.
"पोर काड. पाळणा दे माघारी."
"आवो, पोर आजारी हाय आन पाळणा काडता?"
"दे म्हणते न्हवं! झोळी बांद तिला. दुसरा देते."
"पर का? आमी काय केलं?"

थो. दोरीच्या गाठीशीच झटत राहिली. काय सांगणार? ज्यात माझं पोर गेलं तोच तुझ्या पोरीला दिला? मला सांगता आलं असतं. मीही ठोंब्यासारखी उभी. तोवर बाया हातोड्या घेऊन गोळा झाल्या. एक म्हातारी ओरडायला लागली, "दान करून मिरवत्यात आन पोर मरणाला टेकल्यावर हिसकत्यात! निगा हितनं!" मागून खडा आला. थो.च्या पाठीत बसला. तिनं वळून बघितलंसुद्धा नाही.

येताना पुलावर म्हणाली, "तू तरी बोलायचंस."
म्हणाले, "दिला तुमी. बोलायचं तुमी."
घर येईपर्यंत परत ती पुढं, मी मागं.

८ मे
गड्याबरोबर साळूकडं पेज पाठवली. भांडं तसंच भरलेलं परत आलं. थो.नं गूळ आणि दूध पाठवलं होतं, तेही परत. पोर कशी आहे, गड्याला कुणी सांगितलं नाही. हाकलूनच दिला त्याला.

मेली तर पाप कुणाच्या माथी? थो.च्याच. दिला तिनं. मी तर देऊ नको म्हणत होते, पण ते कशासाठी, ते मलाच ठाऊक. भाजी निवडताना दिवसभर हेच डोक्यात.

११ मे
खडीचं काम हललं. उजाडताच सगळी माणसं चंबूगबाळं घेऊन गेली म्हणे. मी बागेत होते, मला पत्ता नाही. घरी आले तर पडवीत पाळणा. धुतलेला, पुसलेला. राघूंच्या चोचीतली धूळसुद्धा काढलीय. आत एक वाटोळा दगड. बारशाला पाळण्यात वरवंटा घालतात ना, तसा चिंधीत गुंडाळून निजवलेला.

कमळ म्हणाली, "एक बाई ठिवून गेली. रिकामा पाळणा माघारी देत न्हाईत म्हणाली."
"पोर हुती संगं?"
"डोक्यावर बोचकं हुतं. कडंवर... न्हवती वाटतं. का बोचक्याआड हुती? नवऱ्यापाशी असंल."
"इचारलं न्हाईस?"
"मला कुणी सांगितलं हुतं, तिला पोर हाय म्हणून?"

थो. दारात उभी राहून ऐकत होती. तशीच अनवाणी सडकेकडं निघाली. कुणी म्हणतं, माणसं सुप्याकडं गेली, कुणी म्हणतं इंदापूरच्या वाटेला. ती कुठल्या वाटेनं गेली तेही मी बघितलं नाही.

दिवस कलला. अजून आली नाही. हे सायकल घेऊन बघायला गेलेत. कमळच्या कमरेत कळा सुरू झाल्यात, सुईणीला निरोप धाडलाय. दगड पाळण्यातच आहे, तो उचलायला माझा हात धजत नाही. कमळ आतून सारखी विचारतेय, "आई, पाळणा कुठं टांगायचा?"