देवळीपुढच्या बाटल्या

सोमवार, ५ फेब्रुवारी
पाटाचं दार पुन्हा अडलं. प्लास्टिकच्या बाटल्या! वळणावरच्या दिफुन्ताच्या देवळीपुढे लोक वाहतात, त्या सुकून रिकाम्या झाल्या की वाऱ्याने उडतात आणि थेट मी राखतो त्या पाटात येतात. पाण्याची पाळी रोसेंदोची होती. कमरेवर हात ठेवून ओरडला, "एलादियो, द्राक्षं काय तुझ्या थुंकीवर पिकवू?" मी पाण्यात उतरून बाटल्या काढत होतो. 

बुधवार, ७ फेब्रुवारी
शहरातून आलेल्या नोएमीच्या दुकानात गेलो. बापाचं बंद पडलेलं सलून साफ करून तिथेच मांडलंय तिने. सगळं सुटं – शेवया, डाळी, माते चहाची पानं. कपड्यांचा पातळ साबण पिंपाच्या तोटीतून. भांडं आपलं न्यायचं. आधी रिकामं वजन करते, मग भरलेलं.
मला नवं काही वाटलं नाही. लहानपणी आमच्या गावात पिठाला कापडी पिशवी आणि तेलाला डबा घेऊनच जायचो. मध्ये कधीतरी ते सुटलं.
लोक मात्र हात हलवत येतात. मागच्या गल्लीतली एक बाई रिकाम्या हाताने साबण मागत होती. नोएमी म्हणाली, "मावशी, ओंजळीत घालू?" सगळे हसले, पण बाई गेली ती गेलीच. मग नोएमी हळूच म्हणाली, "काका, उसन्या द्यायला थोड्या बाटल्या असत्या तर दुकान चाललं असतं."
घरी सुलेमा – "बरण्या घेऊन गावभर फिरतोस! लोक म्हणतील, बायकोने घराबाहेर काढला."

शनिवार, १० फेब्रुवारी
देवळीपुढे बसून राहिलो. शेकडो बाटल्या. कित्येक वर्षानुवर्षांच्या, आत पाणी हिरवं झालेलं. दिफुन्ता म्हणजे मेलेली बाई; ही वाळवंटात तहानेने मेली, आणि तिच्या छातीशी बाळ मात्र दूध पीत जिवंत राहिलं. म्हणून पाणी तिला वाहायचं, आणि पोटातल्या लेकराचं मागणंही तिच्याकडेच.
सुलेमा दर सोमवारी एक भरलेली बाटली ठेवून येते. आमच्या लेकीसाठी, यानिनासाठी. पाचवा महिना चाललाय तिला. आधीची दोन राहिली नाहीत.
पाद्रीबाबांना विचारलं, जुन्या बाटल्या उचलल्या तर पाप लागेल का? म्हणाले, "मी वेदीवरचं सांगतो, एलादियो. रस्त्यावरचं तू आणि ती बघून घ्या."

बुधवार, १४ फेब्रुवारी
राखेचा बुधवार. चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली आणि सरळ देवळीकडे गेलो. एकेक बाटली उघडून पाणी शेजारच्या आल्गारोबोच्या झाडाच्या मुळाशी ओतलं. ओतताना प्रार्थना म्हणत होतो. पाणी तिच्याच पायाशी गेलं ना? मग काय बिघडलं! ताज्या दिसल्या त्या ठेवल्या. सहा पोती भरली.
नोएमीने सोडा घालून धुतल्या. खाण्याचं काही त्यात भरायचं नाही, फक्त साबण – असं ठरलं. पोरगी इतकी खूश!
मला कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

शनिवार, १७ फेब्रुवारी
आज दुकानात रांग होती. लोक उसन्या बाटल्यांतून साबण नेत होते. मी तोटीपाशी उभा. सुलेमा माझी थट्टा करायला म्हणूनच आली – "बघू तरी नवऱ्याची नवी नोकरी." आणि फळीवरच्या एका बाटलीकडे बघत राहिली. गळ्याशी निळी फीत बांधलेली.
"ही गाठ माझी आहे."
 नोएमीला कळलंच नाही, ती शहरात वाढलेली. पण बाकीच्यांना कळलं.
"ह्यातलं पाणी कुठंय?"
"झाडाला घातलं," मी म्हणालो.
ती निघून गेली. मागोमाग रांगही. एकीने साबण परत पिंपात ओतला.
ऊन लागून बाटली जुनी दिसली असेल. की मी नीट बघितलंच नाही?

सोमवार, १९ फेब्रुवारी
जावयाचा फोन. बाळ गेलं.
सुलेमा एवढंच म्हणाली, "तू तिच्या लेकराचं पाणी ओतलंस."

गुरुवार, २२ फेब्रुवारी
सुलेमा जेवण वाढते, ताट ठेवते, आत जाते. तीन दिवस झाले.
दुकानात कुणी फिरकत नाही. नोएमी म्हणाली, "काका, मी गाव सोडून जाऊ का?" मी म्हटलं, "आधी माझी बरणी भर." ती रडतारडता हसली. रोसेंदो बाहेरून जाताना म्हणाला, "देवाचं चोरून धुणं धुवा आता!" मी बरणी घेऊन त्याच्या समोरूनच घरी आलो. 
आल्गारोबोला पाणी घातलं ह्याचं मला वाईट वाटत नाही. जी तहानेने मेली, तिला हिरवं झाड आवडत असेल की प्लास्टिकचा ढीग? पण दुसऱ्याचं मागणं उघडून ओतायचा अधिकार मला कुणी दिला? माझं स्वतःचं असतं तर गोष्ट वेगळी.  रोज गुडघे टेकतो, आणि तसाच उठतो.
पोटच्या पोरीचं लेकरू माझ्यामुळे गेलं? असं होत नसतं, हे मला कळतं. पहाटे जाग आली की कळत नाही.

शनिवार, २४ फेब्रुवारी
उद्या पहिल्या बसने सान हुआनला जातो, यानिनाला भेटायला. सुलेमाला म्हटलं, चल. मान फिरवली. निघायला काढलेल्या पिशवीत मात्र कुणीतरी पीचचा मुरंबा ठेवलाय. पोरीसाठी.

रविवार, २५ फेब्रुवारी
यानिनाने दार लावून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, आईने फोनवर सांगितलं मला. तुम्ही बाटल्या रिकाम्या केल्यात त्याच्या दोन दिवस आधीच गेलं होतं ते. आईला सांगायचा धीर होईना."
म्हणजे बारा तारखेच्या सोमवारी सुलेमाने शेवटची बाटली ठेवली, तेव्हाच मागायला काही उरलं नव्हतं.
परतीच्या बसमध्ये ठरवलं. सुलेमाला सांगायचं नाही. तिचा राग माझ्यावरच राहू दे. पोरीवर नको, दिफुन्तावर तर नकोच. उद्या सोमवार आहे. ती बाटली भरून निघाली, तर पुढे होऊन दार उघडेन.