मूळची कुठली?

मंगळवार, संध्याकाळ

वाघोलीच्या आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या शेखबाई आज स्टाफरूममधल्या फळ्यावर आजवर सापडलेली सर्वांत मोठी मूळ संख्या समजावत होत्या. दोनाला दोनानं गुणत राहायचं, शेवटी एक वजा. चार कोटींहून जास्त अंक, तरी एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग जात नाही! मी रंगून ऐकत होतो. मग हे कुठून सुचलं मला? "मॅडम, मराठी किती शुद्ध हो तुमचं! मूळच्या कुठल्या?"

खडू थांबला.

"मूळची भवानी पेठेतलीच, सर. बघा भाग जातोय का."

सगळे हसले. मीही हसलो, निर्लज्जासारखा. तो थांबलेला खडू डोळ्यांपुढून हलत नाही. वर्ध्याहून पुण्यात परवा-परवा आलेला मी. माझ्या मराठीचं कौतुक इथं कधी कुणी केलेलं नाही, की मूळचा कुठला म्हणून विचारलेलं नाही.