गळ्यातली पिशवी

६ मार्च, गुरुवार

आज तळ्यावर अभ्यासासाठी लावलेल्या जाळीतून पंधरा पाखरं सोडवली. एकाचंही पीस मोडलं नाही! पाखरांचा अभ्यास करणारे महारुद्र सर म्हणाले, "निकिता, शनिवारपर्यंत चूक नको. रविवारी पक्कड तुझ्या हातात." म्हणजे पाखराच्या पायात नंबराची रिंग मी घालायची! दोन वर्षं नुसत्या पिशव्या वाहिल्या, तेव्हा कुठं हे ऐकायला मिळालं.

आत्याबाईंचं एकच — "पाखराला कडी घालून काय मिळतंय बाई?" सांगितलं, नंबरावरून कळतं, तेच पाखरू पुढच्या साली परत आलं का. "सुनंला घर दिसंना, पाखराचं बघायली," म्हणाल्या आणि भांडी आपटली. सासूच ती!

७ मार्च

थंडी सरली. तळ्यावर पिवळे धोबी पक्षी लय जमायलेत, उत्तरेकडं निघायच्या घाईत. चूक नाही. खुश!

८ मार्च, दुपार



सकाळी शेवटची फेरी. धोबी सोडवला, कापडी पिशवीत घातला, पिशवी गळ्यात अडकवली. तेवढ्यात आत्याबाईंचा फोन — "नळ आलाय, ये बिगीबिगी!" आठ दिवसांनी पाणी! सरांना ओरडून सांगितलं आणि स्कूटी पळवली.

दोन घागरी भरल्या असतील. आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्या वढणीत काय वरडायलंय?"

पिशवी! जिवंत पाखरू मी घरी घेऊन आले! मेलेच. 

आत्याबाईंनी नळ तसाच वाहता सोडला. "बघत काय बसलीस? काढ गाडी!" मागं बसून पिशवी पदराखाली धरली. चार किलोमीटरचा रस्ता. पाखराशीच बोलायलत्या — "आलं बाळा, आलं तुझं तळं."

सर जाळ्या गुंडाळायलते. खरं ते सगळं सांगितलं. "रिंग राहू दे, आधी सोड," म्हणाले. उडालं! मला रडूच आलं.

आत्याबाई सरांवरच घसरल्या — "तुमी मोजून घेत न्हाई का? आमी सोयाबीनची पोती बी मोजून आत घेतो. ह्यो तर जीव हाय!" सरांनी उरलेल्या पिशव्या मोजल्या. मग मला म्हणाले, "पक्कड पुढच्या साली." लय लागलं. पण बरोबर आहे त्यांचं. पाखरू जगलं, बास.

९ मार्च

पहाटे सरांचा फोन — मला नाही, आत्याबाईंना! पिशव्या मोजायला खमकं माणूस पाहिजे म्हणे. आत्ताच सरांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तू ये मागून, भाकरी टाकून."