बाण पुसलेला दगड

ता. ३ मार्च

चि. ठमीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तू बाबांना वाढदिवसाला धाडलेला प्रवाळाचा दगड मी पॉलिश करून लाकडी स्टँडवर बसवला, हे कळवलं होतंच. आता त्यानेच घोळ घातलाय. त्यातली दगड झालेली पोवळी डोकं खाली, बुडखा वर अशी दिसतात. बाबा म्हणतात, ही तिथे वाढलीच नाहीत, जलप्रलयाने उपटून आणून आपटली. म्हणजे बायबलाच्या हिशेबाने पृथ्वी सहा हजार वर्षांचीच. ते रविवारी प्रार्थनाघरात प्रवचनात हा दगड दाखवणार आहेत. पत्रकंही छापून आलीत, ‘माझ्या भूवैज्ञानिक मुलीने दिलेला पुरावा’, तुझ्या नावासकट.

ठमे, दगडावर काळ्या शाईचा एक बाण होता. मला वाटलं, कुणीतरी रेघोट्या मारल्यात, म्हणून पॉलिशपेपरने घासून टाकला. सुताराला डाग दिसला की राहवत नाही. तो बाण कशाचा होता गं? बाबांना अजून काही बोललेलो नाही.

तुझा घाबरलेला,
दादा

ता. ६ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

मी भूविज्ञान शिकायला घेतलं तेव्हा तुम्ही दोन वर्षं माझ्याशी बोलला नव्हतात. पुन्हा तसंच होईल या भीतीने तीन कागद फाडले. पण रविवारी तुमचं हसं झालेलं मला सोसणार नाही.

दगड उलटा बसलाय. वरची बाजू कळावी म्हणून आम्ही कड्यातून दगड काढण्याआधी त्यावर बाण काढतो. ते मी सांगितलं नाही, चूक माझी. सोबत त्या कड्याचा फोटो आहे. बघा, पोवळी डोकं वर करून एकावर एक अशी पुरुषभर उंच वाढलीत. ती जागच्या जागी वाढली, आणि त्याला सहा हजारांहून कितीतरी जास्त वर्षं लागली, असं मी मानते. तुम्हीही मानावं असा हट्ट नाही. पत्रकातलं माझं नाव तेवढं काढा.

रागावलात तर रागावून लिहा, पण गप्प बसू नका.

तुमची,
ठमी

ता. १० मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र शनिवारी मिळालं. दिवसभर फोटो आणि दगड शेजारी ठेवून ताडून बघितले. रविवारी दगड घेऊन उभा राहिलो आणि तुझं पत्रच वाचून दाखवलं, सगळं. ‘चूक माझी’ या ओळीवर आलो तर मागच्या बाकावरून दादा उठला नि म्हणाला, बाण त्याने घासला. एकमेकांना पाठीशी घालण्यात दोघंही पटाईत!

चारजण उठून गेले. एकाने विचारलं, मग प्रलयाचं काय? मी म्हटलं, माझी श्रद्धा आहे तिथेच आहे, पण हा दगड तिचा साक्षीदार नाही. सहा हजारांवरून मी तसूभर हलणार नाही. भेटलीस की कडाकडा भांडू. पत्रकं फाडून टाकली.

तुझ्यावर लोभ तेव्हाही होता. दोन वर्षं तो बोलून दाखवला नाही, हे माझं चुकलं.

तुझा,
बाबा

ता. क. फोटो बघून दगडावर बाण पुन्हा काढलाय. जरा तिरका गेलाय. लवकर येऊन सरळ करून दे.