हेमलता बोऱ्हाडेचा पत्ता

२२ नोव्हेंबर १९९७, शनिवार
सकाळचे तास उरकून मंचरहून पुण्याची एसटी धरली. ज्यांच्या हाताखाली संशोधन केलं त्या सरांच्या संस्थेची लायब्ररी. संदर्भसूचीचे जाडजूड खंड: कोणाचा शोधनिबंध जगात कोणी कुठे वापरला, सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत. 'बोऱ्हाडे एच. आर.' सापडले. खाली दोन नव्या ओळी! एक नाव जपानी वाटतं, एक जर्मन. लग्नाआधीचा माझा एकुलता एक निबंध अजून कोणी वाचतंय तर. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगावंसं वाटलं. दोन्ही ओळी वहीत उतरवून घेतल्या.

२३ नोव्हेंबर
घरात सासूबाई नि मी, दोघीच. हे पिंपरीला कंपनीत, सुट्टी गुरुवारी. सा.बा. लसूण सोलत होत्या. म्हटलं, परदेशात माझं नाव छापून आलंय.
"मग दाव की."
काय दाखवू? वहीत उतरवलेल्या दोन ओळी, त्याही वैशाली भोरच्या नाहीतच. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'वैशाली' लिहिलं नि हेमलता संपली. आडनाव जाणार हे माहीत होतं. बाकीचंही गेलं.

४ डिसेंबर, गुरुवार
ह्यांना सांगितलं. "जपानला कधी निघायचं मग?" चेष्टाच ती. तरी मी रागावले.

१७ डिसेंबर
बारावीला रासायनिक बंध शिकवत होते. एका मुलीने विचारलं, बंध नसताना दोन रेणू एकत्र राहतात का? माझा अख्खा निबंध त्यावरच! वाटीसारखा पोकळ रेणू, दुसरा त्यात नुसता येऊन बसतो. तासभर बोलले असते. सिलॅबसमध्ये नाही, दोन वाक्यांत आटोपलं. स्टाफरूममध्ये बदल्यांच्या गप्पा. फार एकटं वाटलं.

१० जानेवारी १९९८, शनिवार
सर भेटले. रिटायर होताहेत.
"अगं, जर्मनीच्या प्राध्यापकाचं पत्र परत का गेलं? तुझं काम पुढे न्यायचंय त्याला. वर्षभर येशील का, विचारत होता. मीच तुझ्या सासरचा, अवसरीचा पत्ता दिला होता."
पाकिटावर शेरा म्हणे, या नावाची व्यक्ती येथे राहत नाही.
एसटीत रडले. खिडकीची जागा मिळाली होती, तेवढं बरं झालं.

११ जानेवारी
सा.बा.ना विचारलं. "व्हय, दिवाळीच्या सुमाराला पोस्टमन आला व्हता. हेमलता बोऱ्हाडे कोण म्हणला. मी म्हणलं, आमच्यात असलं कोणी न्हाई बाबा."
"ती मीच."
"आगं बया! धा वर्सं झाली, इसरले गं मी."
भांडायचं ठरवून बसले होते. पण मी तरी सरांना नवं नाव कुठे कळवलं होतं? लग्नाची पत्रिका पाठवली, त्यावरही जुनंच. नंतर दर खेपेला ते हेमलता म्हणायचे नि मी ऐकून घ्यायचे. मुद्दामच. तेवढ्या एका ठिकाणी मला हेमलता राहायचं होतं. आता भोगा.

१५ जानेवारी, गुरुवार
ह्यांना वर्षभराचं सांगितलं. "वर्षभर?" एवढंच म्हणून चहा प्यायला लागले. निघताना एसटीत चढता चढता म्हणाले, "आईचं काय करायचं?" उत्तर द्यायच्या आत गाडी सुटली.

१८ जानेवारी
जर्मनीला पत्र लिहिलं. चार मसुदे फाडले. जुनी सही केली, शाळकरी पोरीसारखी आली. खाली नवं नाव, पत्ता. येते म्हणून लिहिलं नाही. यायची इच्छा आहे, असं लिहिलं. खोटं नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार
सहा आठवडे झाले, उत्तर नाही. त्याने दुसरं कोणी पाहिलं असेल. पुण्याला जावंसंच वाटलं नाही, दुपारी सरळ घरी.
वळणावरून दारातली पोस्टमनची सायकल दिसली, पळतच आले. पत्र नव्हतं. सा.बा.नी त्याला अडवून धरलेलं. रोज अडवतात म्हणे, मला आजच कळलं.
"आमच्या हेमलता बोऱ्हाडेचं काय आलंय का रं?"
"न्हाई आजी. कालच सांगितलं ना."
"सोमवारी बग. आन् आलं तर मागारी धाडायचं न्हाई. हितंच ऱ्हाती ती."