जर्मनच्या तलवारी

१८ मार्च १९९९. पाडवा.

माझी तलवार भंगारात! मला न विचारता!

सकाळी नारायणगावच्या राहुटीत वगाच्या सामानाची पेटी उघडली, तर आखूड तलवारींची जोडी गायब. एक माझी, एक रामदासची. त्यांच्या जागी दोन नव्या, चकचकीत. उचलली तर हात भस्सकन वर गेला — जर्मनची! पातेली असतात ना, त्या जर्मनची! मुठीला सोनेरी रंग, टोक गोल घासलेलं. जत्रेत पोरांना घेऊन देतात, त्यातली.

सयाजी मालक गावकऱ्यांसमोर तमाशाची सुपारी ठरवत बसले होते. तरी मी बोललेच. तर म्हणतात, "बाई, सणाच्या दिशी वरडू नका. जुनी भंगारात दिली. ही हलकी हाय, हाताला बरी पडंल."

फड मालकांचा असेल. हात माझा आहे. त्याला काय बरं पडतं ते मी बघेन ना!

२० मार्च

रागाने झोप नाही. इथे ऐकणारं कुणी नाही, म्हणून वहीला सांगते.

तलवार जड की हलकी हे विचारायचंच नसतं. तोल कुठे आहे ते बघायचं. घोडेगावच्या भागू लोहाराने ट्रकच्या जुन्या पाट्यापासून आमची जोडी घडवली, तेव्हा पातं बोटावर आडवं ठेवून दाखवलं होतं. मुठीपासून चार बोटं सोडली की तलवार आडवी तोलून राहते — ना इकडे झुकते ना तिकडे. तोल त्याच्या पुढे गेला की तलवारच आपल्याला ओढत नेते. मागे आला की वार पोचत नाही. लांबी मुद्दाम कमी, नाहीतर स्टेजवर कनातीला अडकायची.

आणि वगातला वार पोचूनही थांबायला लागतो! शेवटच्या प्रवेशात सरदारीण गनिमाच्या खांद्यावर घाव घालते. ढोलकी बंद, तलवारही बंद. सरदारीण मी, गनीम रामदास. अठरा वर्षं माझं पातं त्याच्या अंगरख्याला टेकतंय, कातडीला नाही. धार नसली म्हणून काय झालं, लोखंड आहे ते! मारायला काय, कुणीही मारेल. थांबवायला हात लागतो.

जर्मनची तलवार काय थांबवायची? कर्म माझं!

२३ मार्च

निमगाव सावा. एवढी मोठी जत्रा, मैदान भरलेलं. तलवारीला तलवार भिडली आणि आवाज आला — टप. खणखण नाही, काही नाही. टप, टप! मागून एक जण ओरडला, "वयनी, भांडी घासाया काढली व्हय?" सगळं मैदान हसलं. सरदारिणीच्या प्रवेशाला हसलं! आजवर या प्रवेशाला लोकांनी पागोटी उडवली आहेत.

रामदासला म्हटलं, तू तरी मालकांना सांग. तो मान खाली घालून चिकटवलेली मिशी काढत बसला. पुरुषांची जात सगळी मालकाच्या बाजूची.

२७ मार्च

जीपने घोडेगावला जाऊन आले. भागूला म्हटलं, पहिल्यासारखीच जोडी कर, माझ्या खर्चाने. मालकाला पत्ता लागायला नको. म्हातारा हसला. "अजून लढाई चालूच हाय का, बाई?"

चालूच आहे.

३ एप्रिल

जोडी मिळाली. दिसायला झकास, पण माझी हातात घेतली आणि कपाळाला आठी. टोक पुढे जातंय! भागूला म्हटलं, तोल चुकला. तो हट्टाला पेटला. "पयल्या जोडीचाच तोल हाय. बोटावर ठिवून बगा की." ठेवली. बरोबर चार बोटांवर तोलून राहिली. तरी फिरवली की मनगटाला ओढ देते ती देतेच.

म्हाताऱ्याची बोटं सुजून जाड झाली असणार. त्याची चार म्हणजे आता माझी पाच! वाद घालण्यात अर्थ नाही. घेऊन आले.

५ एप्रिल

नूतन माझी नवी तलवार गरागरा फिरवत होती. मला न विचारता माझी पेटी उघडली वाटतं! वर मलाच सांगते, "ताई, लई झ्याक तोल हाय हो हिचा!" दोन सीझन झाले नाहीत फडात येऊन. कानामागून आली आणि तिखट झाली. मालकांचं काय चाललंय ते आता कळतंय मला. माझा खेळ टपटप वाजवून बिघडवायचा, आणि हिला सरदारीण करायची. बघतेच!

८ एप्रिल

बोरी बुद्रुक. आज लोखंड काढलं!

पडद्यामागे रामदासच्या हातात दुसरी तलवार दिली. त्याचा चेहरा पडला. "मालकांना इचारलं का, ताई?" म्हटलं, गनीम आहेस ना? मग गनिमासारखा उभा राहा.

पहिली खणखण झाली आणि मैदान गप्प. काय गोड वाटलं कानाला! आणि शेवटच्या वाराला हा गडी दोन पावलं मागे सरकला! वगात असं कुठेच नाही. मी सोडते का? दोन पावलं पुढे गेले आणि घाव घातला. अंगरख्यावर अलगद टेकली तलवार. टाळ्या, शिट्ट्या, फेटे.

उतरल्यावर त्याला सगळ्यांसमोर झाडला. भित्रा म्हटलं. माझा प्रवेश नासवलास म्हटलं. तो डोळे मिटून पेटीवर बसून राहिला.

मग मालक आले. "उद्यापास्नं जर्मनचीच. न्हाईतर नूतन उभी ऱ्हाईल." म्हटलं, लोखंड असेल तर मी, नसेल तर मी नाही! नूतनला घेऊन करा वग, बघू किती दिवस मैदान भरतं. ही वही साक्षीला आहे — मी मागे हटणार नाही.

९ एप्रिल

वारूळवाडी. खोलीमागच्या नळावर रामदास उघडा बसून खांद्याला हळद लावत होता. मला बघून सदरा ओढला, पण दिसायचं ते दिसलं. कालचा वळ मानेच्या अगदी कडेला, फुटलेला. त्याच्या खाली जुने वण. सगळे एका पात्याच्या रुंदीचे.

"दिवाळीपास्नं हात थांबंना झालाय तुमचा," म्हणाला. "जर्मनच्या मीच आणाया लावल्या मालकांना. तुमाला सांगितलं असतं तर तुमी परत उभ्याच ऱ्हायल्या नसता, ताई."

दुपारी नूतनला बोलावलं. माझी लोखंडी तलवार तिच्या हातात दिली, दुसरी रामदासच्या, आणि वार कुठे थांबवायचा ते शिकवायला तिला त्याच्यासमोर उभी केली.